पोटदुखीसाठी डिप्रेशनची गोळी: सुरू करताना काय करायचं

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचं नाव मी केमिस्टकडून घरी येता येता मोबाइलवर शोधलं. ‘नैराश्यावरील औषध’ असं दिसलं आणि मी रस्त्यातच थांबले. चार वर्षं मी पोट दुखतं म्हणून सांगत होते. दिवसातून सहा-सात वेळा शौचाला जाणं, जेवण झालं की बेंबीभोवती पिळवटून येणारी कळ, कुठेही जायचं तर आधी तिथल्या स्वच्छतागृहाची चौकशी. एवढं सगळं ऐकून डॉक्टरांनी काय ठरवलं, तर हिला मनाचाच आजार आहे. त्या क्षणी मला तरी तसंच वाटलं. गोळ्यांची पट्टी कपाटात टाकली आणि ती तीन महिने तिथेच पडून राहिली.

ते तीन महिने मी उगाच त्रास सोसला. तुम्ही सोसू नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तपासणीच्या दहा मिनिटांत ज्या गोष्टी सांगायच्या राहून जातात, त्या माहीत नसल्यामुळे माणसं गोळी सुरूच करत नाहीत किंवा आठव्या दिवशी सोडून देतात. त्या गोष्टी इथे क्रमाने मांडते.

पहिली पायरी: ही गोळी पोटासाठीच आहे, हे समजून घ्या

भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकून पोटात खड्डा पडतो, हे आपण रोज बोलतो. ही नुसती बोलण्याची रीत नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं पसरलेलं असतं. ते बरंचसं काम मेंदूला न विचारता स्वतःच करतं. सेरोटोनिन हे नसांमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन, आणि शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. आतडं आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक धागे खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात.

आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याला सूज किंवा जखम नसताना पोट दुखत राहणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं) नेमका याच निरोपांचा घोळ होतो. आतड्यात छोटा फुगा हळूहळू फुगवून केलेल्या चाचण्यांत असं दिसलं आहे की निरोगी माणसाला ज्या दाबाला नुसतं भरल्यासारखं वाटतं, त्याच दाबाला आयबीएसच्या अनेक रुग्णांना चक्क दुखतं. म्हणजे नसा राखणदारासारख्या आहेत आणि आपला राखणदार पान हललं तरी चोर आला म्हणून बोंब मारतो. दुर्बिणीतून पाहिलं तर आतडं स्वच्छ दिसतं, पण दुखणं शंभर टक्के खरं असतं.

अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं या राखणदाराला शांत करतात. ती सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांचा प्रभाव वाढवतात, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या निरोपांना आळा बसतो. शिवाय आतड्याची हालचालही थोडी मंदावते. त्यासाठी लागणारी मात्रा अगदी कमी असते. नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिन सहसा रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतं. पोटासाठी सुरुवात १० मिलिग्रॅमने होते आणि बहुतेकांचं ३० मिलिग्रॅमच्या आत भागतं. म्हणूनच पोटाचे डॉक्टर आता या औषधांना न्यूरोमॉड्युलेटर म्हणतात. औषध तेच असलं तरी इथे काम वेगळं आहे, हे त्या नावातून कळतं.

इंग्लंडमध्ये कुटुंबवैद्यांकडे येणाऱ्या आयबीएसच्या ४६३ रुग्णांवर अमिट्रिप्टिलिनची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, असे सहा महिने. खरी गोळी घेणाऱ्यांची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. पण चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या गुणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे मन सुधारलं म्हणून पोट सुधारलं, असं झालेलं नाही. ‘ही तर मनाची गोळी’ म्हणून कोणी नाक मुरडलं की मी हेच सांगते.

ही गोळी सगळ्यांना लागू पडतेच असं मात्र नाही. काहींना अजिबात फरक पडत नाही, काहींना अर्धामुर्धा पडतो. अर्ध्यावर आलेलं दुखणंसुद्धा किती मोठी सुटका असते, ते ज्याचं त्यालाच कळतं.

दुसरी पायरी: आजार कोणता, ते पक्कं करून घ्या

आयबीएस आणि आयबीडी ही दोन नावं सारखी वाटतात, पण आजार फार वेगळे आहेत. आयबीएसमध्ये आतड्याला सूज किंवा जखम नसते. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आयबीडीत येतात, आणि त्यांत आतड्याला खरोखरची सूज येते, व्रण पडतात.

शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, दुखण्याने किंवा जुलाबाने झोपेतून उठावं लागणं, ताप, रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग किंवा आयबीडी असणं, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासण्या झाल्याच पाहिजेत. ही गोळी वेदना कमी करते. आत काही भलतंच चालू असेल तर वेदना कमी झाल्यामुळे ते लक्षात यायला उशीर होऊ शकतो.

आयबीडी असणाऱ्यांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण त्यांचाच गोंधळ जास्त होतो. या गोळीने आतड्याची सूज उतरत नाही. मेसालामाइन, अॅझाथायोप्रिन, बायोलॉजिक इंजेक्शनं या सुजेवरच्या औषधांची जागा ती घेऊच शकत नाही आणि तिच्या भरवशावर त्यातलं काहीही थांबवायचं नाही. मग ती देतात कशाला? आयबीडीच्या बऱ्याच रुग्णांची सूज पूर्ण उतरते, शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन (सूज असली की वाढणारं प्रथिन) नॉर्मल येतं, कोलोनोस्कोपी स्वच्छ असते, तरी कळा आणि घाई राहतेच. वर्षानुवर्षं सुजेला तोंड देऊन नसा हळव्या झालेल्या असतात. तिथे ही गोळी कामाला येते. दुसरं कारण सरळ आहे: जन्मभराच्या आजाराने माणूस खचतो. आयबीडीच्या रुग्णांत चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं आणि त्यावर उपचार घेणं ही तितकीच महत्त्वाची गरज आहे.

तुमचा आजार सध्या जोरात उसळलेला असेल, रक्त पडत असेल, ताप असेल, तर आतडं मंदावणारं कोणतंही औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. तीव्र कोलायटिसमध्ये त्याने आतडं धोकादायकरीत्या फुगू शकतं. क्रोन्समुळे आतडं कुठे अरुंद झालं असेल तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

तिसरी पायरी: आपल्याला नेमकी कोणती गोळी दिली, ते पाहा

पोटासाठी जास्तीत जास्त वापरली जातात ती ट्रायसायक्लिक गटातली औषधं: अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन. जुलाबाकडे कल असलेल्यांना आणि दुखण्याने बेजार झालेल्यांना ती जास्त सोयीची, कारण त्यांनी आतडं मंदावतं. ज्यांना आधीच बद्धकोष्ठ आहे त्यांना हाच गुण आड येतो. नॉरट्रिप्टिलिनने त्यातल्या त्यात गुंगी आणि कोरड कमी येते, म्हणून अमिट्रिप्टिलिन न झेपणाऱ्यांना कधी कधी ते देऊन पाहतात.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही एसएसआरआय गटातली नवी औषधं. चिंता, घबराट, नैराश्य यांसाठी ती उत्तम आहेत, पण नुसत्या पोटदुखीसाठी त्यांचा पुरावा कमजोर आहे. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने २०२२ च्या मार्गदर्शिकेत आयबीएससाठी ट्रायसायक्लिक सुचवली आणि एसएसआरआय वापरू नयेत असं सुचवलं. सुरुवातीला एसएसआरआयने मळमळ आणि जुलाब होतात, हेही आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायला हवं. पण पोटाबरोबर चिंताही मोठी असेल तर डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. तेव्हा नाव बघून लगेच हे चुकीचं आहे असं ठरवू नका, का दिलं ते विचारा.

ड्युलॉक्सेटिन वेदनेवर चांगलं काम करतं. मिर्टाझापिन भूक आणि झोप वाढवतं, मळमळ कमी करतं, म्हणून वजन उतरलेल्यांना ते देतात.

चौथी पायरी: डॉक्टरांपासून काही लपवू नका

काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा लघवी अडकणं, हृदयविकार, ठोके अनियमित असणं, फिट येणं, यकृताचा त्रास. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, मूल होऊ देण्याचा विचार असेल. स्वतःला किंवा घरात कोणाला बायपोलर आजार असेल, कारण अशा माणसाला या गोळ्यांनी उन्माद चढू शकतो. आणि जीव नकोसा वाटतो असे विचार येत असतील तर ते सगळ्यात आधी. हे सांगायला जीभ अडखळते, मला माहीत आहे. पण ट्रायसायक्लिक गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून डॉक्टरांना हे कळलं पाहिजे. मग ते वेगळी गोळी निवडतील किंवा एका वेळी थोड्याच देतील. याच कारणासाठी घरात लहान मुलं असतील तर पट्टी कुलपात ठेवा.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी लिहून न्या. पोटाच्या रुग्णाकडे हमखास असणारी काही औषधं या गोळ्यांशी जुळत नाहीत. कळ थांबवणाऱ्या डायसायक्लोमिन किंवा हायोसिनबरोबर ट्रायसायक्लिक घेतलं तर कोरड आणि बद्धकोष्ठ दुप्पट होतं. उलटीवरची डोमपेरिडोन आणि ऑन्डॅनसेट्रॉन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात आणि ट्रायसायक्लिकही करतात, तेव्हा दोन्ही एकत्र घेण्याआधी विचारायलाच हवं. एसएसआरआयबरोबर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक ट्रायसायक्लिक आणि एसएसआरआय या दोन्ही गटांबरोबर जोखमीचं आहे. वनौषधी म्हणून घेत असलेली चूर्णं आणि काढेसुद्धा यादीत लिहा. मद्य घेत असाल तर तेही.

वय जास्त असेल किंवा हृदयाची काही तक्रार असेल तर डॉक्टर ट्रायसायक्लिक सुरू करण्याआधी ईसीजी काढायला सांगतात. कटकट करू नका, काढून घ्या.

पाचवी पायरी: पहिले चार आठवडे

खरी परीक्षा इथे आहे. मागचं सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा: त्रास आधी येतो आणि गुण नंतर. गुंगी पहिल्याच रात्री येते. पोटाला आराम पडायला तीन-चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला आठही लागू शकतात. मधल्या काळात माणसाला वाटतं की या गोळीने नुसता अपायच होतोय, आणि तो ती सोडतो.

माझी पहिली सकाळ सांगते. रात्री अकराला १० मिलिग्रॅमची गोळी घेतली, नेहमीप्रमाणे लगेच झोपले. सकाळी गजर झाला तेव्हा डोकं उशीला चिकटल्यासारखं. जीभ टाळूला लागलेली. चहाचा कप हातात धरून मी किती वेळ नुसती बसून होते, कोण जाणे. चौथ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, मला हे जमणार नाही. त्यांनी एकच विचारलं: गोळी किती वाजता घेता? दुसऱ्या दिवसापासून ती रात्री साडेआठला घ्यायला सांगितली. तेवढ्याने सकाळ बरीचशी मोकळी झाली आणि दहाव्या दिवसापर्यंत ते जडपण निघून गेलं.

तेव्हा सुरुवात शक्यतो सुट्टीच्या आदल्या रात्री करा. झोपायच्या दीड-दोन तास आधी गोळी घ्या. पहिले काही दिवस सकाळी गाडी चालवू नका. अंथरुणातून उठताना आधी काठावर मिनिटभर बसा, मग उभे राहा, कारण एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते. रात्री शौचाला धावणाऱ्यांनी हे जास्त सांभाळावं. तोंडाला कोरड पडते तेव्हा घोट घोट पाणी पीत राहा, आणि दात नीट घासा, कारण लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. काहींची भूक आणि वजन वाढतं, म्हणून महिन्यातून एकदा वजन करा.

मात्रा वाढवायची ती डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे, सावकाश. त्या इंग्लंडमधल्या चाचणीत रुग्णांनी १० पासून सुरू करून तीन आठवड्यांत, झेपेल तसं, ३० पर्यंत नेलं होतं. दहावरच बरं वाटलं तर दहावरच थांबायचं. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

लघवी अडकली, छातीत धडधड वाढली, डोळा दुखून अंधुक दिसायला लागलं, शुद्ध हरपल्यासारखं झालं, अंगाला कंप सुटून ताप आणि गोंधळलेपण आलं, तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढणं आणि आत्महत्येचे विचार येणं हे क्वचित घडतं, म्हणून घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा की माझ्यावर लक्ष ठेव. एसएसआरआय घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. ते एकाएकी सुस्त किंवा भ्रमिष्ट वाटले तर रक्त तपासून घ्या.

सहावी पायरी: वहीत लिहा

आठवणीवर भरवसा ठेवू नका. वाईट दिवस ठळक आठवतात आणि बरे दिवस विरून जातात. रोज रात्री चारच गोष्टी लिहा: दुखणं दहापैकी किती, शौचाला किती वेळा, झोप कशी, गोळी किती आणि कधी. सुरू करण्याआधीच्या दोन आठवड्यांचीही नोंद हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

माझ्या वहीत पाचव्या आठवड्यात दुखणं आठवरून पाचवर आलेलं होतं. मला स्वतःला ते जाणवलंच नव्हतं. मी डॉक्टरांना सांगायला गेले होते की काही उपयोग नाही. त्यांनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि माझ्यासमोर धरली.

उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेची शिफारस अशी आहे की पहिली फेरतपासणी चार आठवड्यांनी व्हावी, नंतर दर सहा ते बारा महिन्यांनी. तारीख गोळी सुरू करतानाच घेऊन ठेवा.

सातवी पायरी: घरच्यांना काय सांगायचं

हे ज्याने त्याने ठरवावं. मी आईला सांगितलं की नसांची गोळी आहे. ते खोटं नव्हतं आणि तिला ते पटलं. ‘सवय लागेल गं’ ही तिची काळजी मात्र खरी होती, आणि तुम्हालाही कोणीतरी हे म्हणेलच. या गोळ्यांची व्यसनासारखी ओढ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. पण शरीर त्यांना सरावतं, म्हणून एकदम बंद केल्या तर त्रास होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळीबरोबर पोटावर केंद्रित मानसोपचार किंवा संमोहन उपचार करायची सोय असेल तर जरूर करा, त्यांचाही आयबीएसमध्ये चांगला उपयोग होतो.

आठवी पायरी: बंद करताना

गुण आला की सहसा सहा ते बारा महिने गोळी चालू ठेवतात आणि मग थांबवून पाहतात. आठ-दहा आठवडे योग्य मात्रेत घेऊनही वहीतले आकडे हलले नाहीत तर डॉक्टर गट बदलतील किंवा गोळी थांबवतील. दोन्ही वेळा उतरायचं ते पायरीपायरीने. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं तर एकदम सोडायचीच नाहीत. चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, असे त्रास होतात.

ट्रायसायक्लिक झटकन सोडलं की काही दिवस पोटात कळा येऊन जुलाब होऊ शकतात. इतके दिवस आवरून धरलेलं आतडं मोकळं सुटतं. आजार परत आला समजून माणूस घाबरतो. सावकाश उतरवलं तर हे टळतं, आणि झालंच तरी बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत निवळतं. त्यानंतरही त्रास राहिला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

माझी गोळी चौदा महिने चालली. २० वरून १०, मग एक दिवसाआड १०, मग बंद. पाच महिने ठीक गेले आणि मग कळा पुन्हा सुरू झाल्या. या वेळी पट्टी कपाटात पडून राहिली नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून मी ती पुन्हा सुरू केली, रात्री साडेआठला.